इस्तावा ते सौरछत : सुप्याच्या पवनचक्क्या आणि करसवलतीचा इतिहास

१/ पुण्याहून अहिल्यानगरकडे जाताना सुप्याच्या परिसरात, पारनेर तालुक्यातील डोंगरमाथ्यांवर पवनचक्क्या दिसतात. वारा या माथ्यांवर शतकानुशतके वाहत होता. भांडवल तेथवर पोहोचण्यास मात्र आयकरातील एका तरतुदीचा मोठा हातभार लागला.

२/ करात सूट देऊन नवे काम घडवून आणण्याची रीत या मुलखात जुनीच आहे. मराठेशाहीत पडीक जमीन लागवडीखाली आणणाऱ्यास ‘इस्तावा’ मिळे : आरंभी अल्प सारा, पुढे दरवर्षी थोडी वाढ आणि मुदत संपल्यावर पूर्ण आकारणी. सारा त्याच जमिनीवर असल्याने सवलत थेट कसणाऱ्याच्या पदरी पडे.

३/ १९९० च्या दशकात केंद्र सरकारने पवनचक्क्यांना ‘त्वरित घसारा’ लागू केला. यंत्राची संपूर्ण किंमत पहिल्याच वर्षी करपात्र नफ्यातून वजा करता येई. पुढे हे प्रमाण ८० टक्के झाले. म्हणजे १० कोटींच्या यंत्रावर ८ कोटींची वजावट आणि ३० टक्के दराने २.४ कोटींचा कर त्या वर्षापुरता टळे. तो कायमचा माफ होत नसे, पुढे ढकलला जाई. तरी उद्योजकाला ते बिनव्याजी कर्जच होते.

४/ याच धोरणाच्या काळात जिल्ह्यात सुपे, कवड्या डोंगर, खंडके येथे पवनऊर्जा प्रकल्प आले. टाटा पॉवरचा सुप्याचा प्रकल्प १७ मेगावॉटचा, तर खंडक्याचा सुमारे ५० मेगावॉटचा.

५/ या सवलतीत दोन उणिवा होत्या. ज्याला मोठा नफा, त्यालाच तिचा उपयोग. आणि बक्षीस यंत्र उभारण्याचे, वीज निर्माण करण्याचे नव्हे. म्हणून डिसेंबर २००९ मध्ये घसारा न घेणाऱ्यांसाठी प्रतियुनिट ५० पैसे प्रोत्साहन आले.

६/ २०१२ मध्ये त्वरित घसारा काढून घेतला गेला आणि युनिटमागील प्रोत्साहनही थांबले. देशात २०११-१२ मध्ये सुमारे ३,२०० मेगावॉट पवनक्षमता वाढली होती. पुढच्या वर्षी जेमतेम १,७०० मेगावॉट. २०१४ मध्ये घसारा परत आला, २०१७ पासून त्यावर ४० टक्क्यांची मर्यादा बसली.

७/ आता घराच्या छताकडे पाहू. घसारा व्यवसायातील मालमत्तेवर मिळतो, राहत्या घरावर नाही. त्यामुळे पारनेरच्या शेतकरी कुटुंबाला ही वाट बंदच होती. फेब्रुवारी २०२४ च्या ‘पीएम सूर्य घर’ योजनेने दुसरा मार्ग धरला : १ किलोवॉटला ३०,०००, २ किलोवॉटला ६०,००० आणि ३ किलोवॉट वा अधिक क्षमतेला ७८,००० रुपये अनुदान, थेट बँक खात्यात. सप्टेंबर २०२५ मध्ये सौर उपकरणांवरील जीएसटीही १२ वरून ५ टक्क्यांवर आला.

८/ तथापि अनुदान संच बसल्यानंतर मिळते. आधीचा खर्च स्वतःच्या बचतीतून वा कर्जातून करावा लागतो. इस्ताव्यात रयतेला आरंभी पूर्ण सारा भरावा लागत नसे, सरकार आपल्या पूर्ण वसुलीसाठी थांबे. आजच्या योजनेत थांबावे लागते ते घरमालकाला.