वेळू, मणका आणि वंश

भोपाळच्या आनंद नगरातील मराठी घरांत एकाच प्राणिसमूहाची दोन नावे नांदतात. मुलांच्या हिंदी पाठ्यपुस्तकात पाठीचा कणा असलेले प्राणी ‘कशेरुकी’ असतात. मराठी पुस्तकांत तेच ‘पृष्ठवंशी’. आपले सस्तन तिथे ‘स्तनधारी’ होतात. मत्स्य, उभयचर, सरीसृप आणि पक्षी मात्र दोन्हीकडे सारखेच. हा फरक नुसता शब्दांचा, असे मानून आपण पुढे जातो. पण वाचकहो, या नावांत प्राण्यांच्या वर्गीकरणाचा बराच इतिहास साठलेला आहे.

आपल्याकडील जुनी विभागणी जन्माच्या प्रकारावरून झाली. जरायुज, अंडज, स्वेदज आणि उद्भिज्ज या चार खाणी संतवाङ्मयामुळे मराठी माणसाच्या परिचयाच्या आहेत. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात पक्षी, साप, मगर, मासे आणि कासव हे सारे अंडज ठरतात. जरायुजांत पशू व मनुष्य यांच्या पंक्तीला राक्षस आणि पिशाचही बसतात. सुश्रुतसंहितेत बेडूक उद्भिज्जांत गणला आहे, तोही इंद्रगोपाच्या, म्हणजे मृगाच्या किड्याच्या, सोबतीने. पहिल्या पावसानंतर दोघांनाही जमिनीतून वर येताना ज्याने पाहिले असेल, त्याला या गणनेचे नवल वाटणार नाही.

ग्रीसमध्ये अ‍ॅरिस्टॉटलने इ. स. पूर्व चौथ्या शतकात लाल रक्त असलेले आणि नसलेले असे दोन गट केले. त्याचा पहिला गट आजच्या पृष्ठवंशींशी बहुतांशी जुळतो. स्वीडनच्या लिनियसने 1758 च्या आवृत्तीत देवमाशाला माशांतून काढून सस्तनांत घेतले. बेडूक आणि सरडा मात्र त्याच्याकडे एकाच वर्गात राहिले. 1800 च्या सुमारास फ्रान्समध्ये लामार्कने कणा असणे-नसणे हीच मुख्य सीमारेषा ठरवली.

कण्याला एवढा मान का? कारण त्याच्याबरोबर शरीराची सारी मांडणी येते. मज्जारज्जू पाठीकडून मणक्यांच्या आतून जातो, मेंदूला कवटीचे कवच असते, हृदय पोटाकडच्या बाजूला असते आणि अवयवांच्या जोड्या दोनहून अधिक नसतात. किडा-मुंगीत मुख्य चेतारज्जू पोटाकडून जातो. माशाच्या हृदयाला दोन कप्पे, बेडकाच्या तीन, पक्षी व सस्तनांच्या चार. तरी आराखडा एकच. या कसोटीवर बेडूक मृगाच्या किड्यापासून दूर होऊन मासा आणि माणूस यांच्या घरी आला.

हा आराखडा एकच का, याचे उत्तर डार्विनने 1859 मध्ये दिले: पूर्वज एक म्हणून. तेव्हापासून वर्गीकरण म्हणजे वंशावळीचा शोध झाला. मगरीचे आजचे सर्वांत जवळचे नातलग सरडे नसून पक्षी आहेत, हे त्यातूनच कळले. ‘अपृष्ठवंशी’ हा एक वंश नव्हे, हेही उमगले. तारामासा कीटकांपेक्षा आपल्याला अधिक जवळचा आहे.

आता पुन्हा आपल्या शब्दाकडे पाहा. हिंदी परिभाषेत कशेरुका म्हणजे एकेक मणका. ‘कशेरुकी’ने ते हाड अचूक दाखवले. संस्कृतात ‘वंश’ म्हणजे आधी वेळू. पेरांवर पेरे रचलेला वेळू पाहून पाठीच्या कण्याला पृष्ठवंश म्हटले गेले, आणि पेरामागून पेर तशी पिढीमागून पिढी, म्हणून कुळालाही वंशच म्हटले. शब्द घडवणाऱ्यांना उत्क्रांती ठाऊक नव्हती. तरी शरीराचा कणा आणि कुळाची परंपरा हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात आले.

आनंद नगरातील मुलाने परीक्षेत ‘कशेरुकी’च लिहावे, त्यात गैर काही नाही. संध्याकाळी घरी कोणीतरी त्याला ‘पृष्ठवंशी’ची फोड मात्र करून सांगावी. वेळूचे एक कांडे हाती दिले तरी पुरे; बेडूक आपला नातलग कसा, हे त्यावरून समजावता येते.