इति ह आस

'इतिहास' हा शब्द इति, ह आणि आस अशा तीन तुकड्यांचा आहे आणि त्याचा अर्थ 'हे असं असं होतं', असं आम्हाला शाळेत सांगितलं होतं. पुढे मी कॉमर्सला गेलो आणि इतिहासाशी माझा संबंध फक्त थकबाकीपुरता उरला. पण बँकेच्या कृपेने शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत काही वर्षं काढल्यावर माझी पक्की समजूत झाली आहे की, या शब्दाच्या शेवटी जो आस आहे तो क्रियापद वगैरे काही नसून गाडीच्या चाकाचाच आस आहे. व्याकरणाचे जाणकार मान हलवतील. त्यांनी एकदा पावसाळ्यात शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगावला जीपने जाऊन यावं. त्यानंतर मान आपोआपच हलत राहते. (त्या गावाचं नाव सरळगाव कोणी ठेवलं असेल तो मनुष्य थोर विनोदी असला पाहिजे.)

आस मोडल्याची आपल्याकडची सर्वांत गाजलेली केस दशरथाची. युद्धात रथाचा आस मोडला आणि कैकेयीने तिथे आपलं बोट घातलं, असं कीर्तनकार सांगतात. अध्यात्म रामायण जरा जास्त काटेकोर आहे. त्यात आस मोडत नाही. अक्षकील, म्हणजे आसाची खीळ, तुटून पडते आणि कैकेयी तिथे हात घालून रथ सावरते. गॅरेजवाल्याला विचाराल तर तो म्हणेल, "आस ठीक होता हो, साधी पिन गेली होती." पण या साध्या पिनेचं बिल किती झालं बघा! दशरथाने खूश होऊन दोन वर दिले. रक्कम न लिहिलेले, तारीख न घातलेले, सही केलेले दोन कोरे चेक! बाईंनी ते लगेच वटवले नाहीत, जपून ठेवले आणि नेमके राज्याभिषेकाच्या आदल्या दिवशी काउंटरवर सरकवले. खीळ बदलण्यापायी चौदा वर्षांचा वनवास आणि वर जिवाची किंमत. जगाच्या इतिहासात एवढी महाग दुरुस्ती दुसरी झाली नसेल. तेव्हापासून मी कोणत्याही मिस्त्रीला "नंतर बघू रे पैशाचं" असं म्हणत नाही.

आमच्या मुरबाड तालुक्याने मात्र सुरुवातीला फार शहाणपण दाखवलं होतं. वैशाखऱ्याजवळून चढणारा नाणेघाट दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नर आणि कोकणपट्टी यांना जोडणारा मोठा व्यापारी रस्ता होता. वर सातवाहनांची लेणी आहे, नागनिका राणीचा शिलालेख आहे, त्यात दान दिलेल्या गायी, हत्ती, घोडे, कार्षापण असा सगळा ताळेबंद आहे, आणि जकातीची नाणी टाकण्यासाठी होता असं सांगतात तो दगडी रांजणही आहे. त्या रांजणाकडे बघून मला प्रत्येक वेळी आमच्या कॅश डिपार्टमेंटची आठवण होते. पण या पायऱ्यापायऱ्यांच्या घाटातून गाडी जातच नव्हती. माल चढायचा तो बैलांच्या, घोड्यांच्या आणि माणसांच्या पाठीवरून. चाकच नाही, तेव्हा आसही नाही, आणि आस नाही म्हणून तो तुटायची भानगड नाही. एवढा व्यापार झाला, पण एक्सलच्या कारणाने हप्ता थकला अशी एकही नोंद त्या शिलालेखात सापडत नाही.

मग सपाटीवर बैलगाडी आली, लाकडी आरे, लोखंडी धाव, वंगणाचा नळा आणि म्हशाच्या जत्रेत पारखून घेतलेली खोंडं. तिचं पुराण मी लावत नाही. खरा गोंधळ सुरू होतो तो जीपपासून.

१९४० साली अमेरिकेच्या लष्कराने कारखानदारांना सांगितलं की, चारही चाकं ओढतील अशी हलकी गाडी पाहिजे आणि नमुना ४९ दिवसांत पाहिजे. बँटम नावाच्या एका लहानशा कंपनीने तो दिलाही. (आमच्याकडे ४९ दिवसांत गाडीच्या कर्जाचा अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला तरी प्रगती समजतात.) मग विलीज आणि फोर्ड यांनी युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपा केल्या. आपल्याकडे २ ऑक्टोबर १९४५ रोजी 'महिंद्रा अँड महंमद' ही कंपनी निघाली. त्यातले महंमद म्हणजे गुलाम महंमद. हिशेबाच्या क्षेत्रातला माणूस, म्हणून मला त्यांच्याबद्दल आपुलकी आहे. ते फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. देशाचे दोन तुकडे झाले, पण लेटरहेडवरची 'एम अँड एम' ही अक्षरं जागची हलली नाहीत. विलीज जीपचे सुटे भाग अमेरिकेतून यायचे आणि माझगावला जोडले जायचे. शिवाय युद्धातल्या शिल्लक जीपा विकायला निघाल्या होत्याच. कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, त्या छावणीचं उल्हासनगर झालं, आणि जगात ज्याचा कारखाना बंद पडला आहे त्याचाही सुटा भाग तिथे मिळतो अशी आमच्या भागातल्या मिस्त्री लोकांची श्रद्धा आजही आहे.

युद्धातल्या जीपच्या मागच्या एक्सलमध्ये एक खुबी होती. ती मला मुरबाडच्या एका मिस्त्रीने शिकवली. हा मनुष्य चौथी नापास, पण एक्सल या विषयात त्याला डॉक्टरेट द्यायला हरकत नाही. लष्करी जीपला 'फुल फ्लोटिंग' एक्सल होता. म्हणजे गाडीचं वजन बाहेरचं हौसिंग उचलतं आणि आतला शाफ्ट चाक फिरवण्याचं एवढंच काम करतो. शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहतं. पुढे नागरी जीपला 'सेमी फ्लोटिंग' आला. त्यात तोच शाफ्ट चाकही फिरवतो आणि वजनही पेलतो. तो बाहेरच्या टोकाला तुटला की चाक आपलं स्वतंत्र मार्गाने निघून जातं. मला हे पटकन समजलं, कारण बँकेतही हेच आहे. मॅनेजर फुल फ्लोटिंग असतात. ओझं हौसिंगवर, आपण नुसतं फिरायचं. आम्ही कारकून सेमी फ्लोटिंग!

आता या सेमी फ्लोटिंग शाफ्टवर किती वजन घालायचं याचा काही कायदा आहे. आमच्याकडच्या प्रवासी जीपांना तो लागू असल्याचं पाहण्यात आलं नाही. मी स्वतः एकदा टोकावड्याच्या रस्त्यावर एका जीपमधले उतारू मोजले. बावीस भरले. त्यात टपावरचे धरले नाहीत, कारण ते पानांच्या भाऱ्यामागे होते, आणि ड्रायव्हर धरला नाही, कारण तो अर्धा बाहेर होता. मुंबईतली हौशी मुलं हजारो रुपये मोजून गाडी जमिनीपासून खाली बसवून घेतात म्हणे. आमच्याकडे ती फुकट बसते. बावीस माणसं चढली की कमानीसारखे पाटे आधी सपाट होतात, मग उलटे वाकतात, एक्सल वर येऊन रबराला टेकतो, आणि गिअरबॉक्सपासून मागे जाणाऱ्या शाफ्टचा कोन बिघडतो. त्या शाफ्टच्या दोन्ही टोकांना 'क्रॉस' असतो. ही युक्ती कार्दानो नावाच्या सोळाव्या शतकातल्या इटालियन गणिती वैद्याच्या नावावर आहे. हा गृहस्थ जुगारीही होता, आणि ते मला फार सूचक वाटतं. क्रॉस वाकड्या कोनात फिरू लागला की पुढच्या दांड्याचा वेग एकसारखा राहत नाही. एका फेऱ्यात तो दोनदा वाढतो आणि दोनदा कमी होतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असले तर एकाची चूक दुसरा फेडतो. गाडी खाली बसली, कोन बिघडले की ही परतफेड थांबते आणि सगळा थरथराट क्रॉसच्या बेअरिंगांवर जमा होतो. व्याजासकट.

पुढच्या एक्सलची गोष्ट आणखी अवघड, कारण तिथलं चाक ओढतंही आणि वळतंही. त्यासाठी वेग कमीजास्त न करणारा सांधा पाहिजे होता. १९२०च्या दशकात फ्रान्समध्ये ग्रेग्वार आणि फेनाई यांनी एक काढला, अमेरिकेत झेप्पा नावाच्या इंजिनिअरने सहा गोळ्यांचा दुसरा काढला. युद्धकाळात मागणी इतकी होती की जीपमध्ये हे वेगवेगळ्या जातींचे सांधे ज्याला जो मिळेल तो घातले गेले. सहा गोळ्यांचा झेप्पा आज बहुतेक सगळ्या मोटारींच्या पुढच्या चाकांत आहे.

माझ्या भाच्याच्या गाडीतही होता. हा भाचा ठाण्याला असतो. त्याने चारही चाकं ओढणारी एक जुनी गाडी घेतली आणि आखूड स्प्रिंगा बसवून दोन इंच खाली करून घेतली. का, तर "मामा, लूक येतो." तो लूक घेऊन तो माळशेजचे धबधबे पाहायला निघाला आणि मला भेटायला म्हणून मुरबाडात शिरला. वळताना पुढच्या चाकातून कट-कट-कट असा आवाज येत होता. आमच्या डॉक्टरेटवाल्या मिस्त्रीने खाली वाकून पाहिलं. तेवढी गाडी खाली असल्यामुळे त्याला जवळजवळ दंडवतच घालावा लागला. म्हणाला, "भाऊ, गाडी खाली आली, चाक तितंच राहिलं. मधला दांडा रोज वाकडा चालतोय. रबर फाटलं, ग्रीस उडालं, माती आत गेली. गोळ्या खाल्ल्यान."

भाच्याने विचारलं, नवा सांधा घातला की झालं ना? मिस्त्री म्हणाला, घालतो, पण स्प्रिंगा जुन्या लावल्या नाहीत तर पुढच्या पावसाळ्यात परत भेटू. मग सांधा, रबर, ग्रीस आणि मूळच्या उंचीच्या स्प्रिंगा असा सगळा कार्यक्रम दोन दिवस चालला. माळशेज राहिला. जवळच्या धसई गावाचं २०१६ च्या डिसेंबरात रोकडविरहित गाव म्हणून मोठं नाव झालं होतं, ते ऐकून भाच्याने मोबाइल पुढे केला. मिस्त्रीने ग्रीसचे हात दाखवून रोख मागितली.

जीपचा चौचाकी दांडा हा दुसरा गैरसमज. चारही चाकं ओढतात म्हणजे जास्त ताकद, तेव्हा तो कायम टाकूनच ठेवावा असं अनेकांना वाटतं. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा फेरा घेतात. चिखलात चाक थोडं घसरतं आणि हिशेब मिटतो. डांबरावर घसरायला जागा नसते, आणि पुढचा-मागचा एक्सल तर जुन्या जीपमध्ये एकमेकांना घट्ट जखडलेले. नवराबायकोचं दोघांच्या सहीचं खातं असावं, तसं. शेवटी जो नाजूक असेल तो तुटतो.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं ते दिवसा. एकदा एक जीपवाला सकाळी सकाळी बँकेत आला आणि पोत्यात गुंडाळलेला तुटका शाफ्ट त्याने माझ्या काउंटरवर धाडकन ठेवला. "सायेब, ह्यो बघा तुमचा हप्ता." माझ्या लेजरला ग्रीस लागलं. मी काही बोलणार तोच तो सांगू लागला. रात्री एका ठाकूरपाड्यावरून अडलेली बाई घेऊन तो निघाला होता. सोबत सासू, नवरा, शेजारी आणि शेजाऱ्यांचे शेजारी. उतारावर चाक निखळून शेतात गेलं. मग घोंगडीची डोली केली आणि मोठ्या रस्त्यापर्यंत तिला अंधारात चालवत नेली. तिथे पाण्याचा टँकर मिळाला. याच तालुक्यांतल्या तानसा, भातसा या धरणांचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर फिरतात. तानसाचं तर १८९२ पासून जातंय. त्या दिवशी त्या टँकरने पाण्याऐवजी बाळंतीण पोचवली. बाई सुखरूप, मुलगी सुखरूप. हप्ता तेवढा गेला.

मी तुटलेला भाग निरखला. निम्मी चीर जुनी, काळी पडलेली होती आणि निम्मी ताजी, चकचकीत. म्हणजे शाफ्ट कित्येक दिवस मरत होता, त्या रात्री फक्त मेला. मॅनेजरसाहेबांना मी तो नेऊन दाखवला. त्यांनी बोटाने चीर चाचपली, बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि अर्जावर 'मुदत वाढवून द्यावी' असं लिहून सही केली. शाफ्ट दोन दिवस आमच्या स्ट्रॉंगरूमच्या दाराशी पडून होता. तिसऱ्या दिवशी तो भंगारात घालायचा म्हणून मालक घेऊन गेला.

त्याने पुढे सगळं कर्ज फेडलं. जीप थकली तेव्हा ती मोडीत काढली. पण आस वाया घालवायचा नाही ही आमच्याकडची जुनी रीत. जुन्या मोटारींचे एक्सल बैलगाडीला लावतात, रबरी चाकं घालतात, आणि लाकडी चाकांपेक्षा बैलांना ती ओढायला कितीतरी हलकी जाते. पौषात म्हशाच्या जत्रेला तो मला अशाच गाडीवर बसलेला भेटला. खाली जीपचं मागचं हौसिंग, वर बांबूची ताटी, आणि मागच्या बाजूला जीपचाच फाळका बसवलेला. फाळक्यावर पिवळ्या रंगात 'बँकेकडे तारण' ही अक्षरं अजून वाचता येत होती.

"अहो, कर्ज केव्हाच फिटलंय," मी म्हटलं. "ते पुसून टाका की."

"ऱ्हाऊ द्या, सायेब," तो म्हणाला. "रात्री बैल कोन सोडून नेत नाय."