इमॅटिनिब : रक्ताच्या कर्करोगावरील रोजची गोळी कशी घ्यावी, काय सांभाळावे

क्रॉनिक मायलॉइड ल्यूकेमिया, म्हणजेच सीएमएल, या रक्ताच्या कर्करोगावरील इमॅटिनिब या औषधास अमेरिकेत मे २००१ मध्ये मंजुरी मिळाली. तोपर्यंत या आजाराच्या रुग्णापुढे इंटरफेरॉनची इंजेक्शने, हायड्रॉक्सियुरियाच्या कॅप्सूल आणि जुळणारा दाता मिळालाच तर अस्थिमज्जा प्रत्यारोपण, एवढेच मार्ग होते. आज आजाराच्या पहिल्या टप्प्यात निदान झालेले बहुतेक रुग्ण दिवसातून एकदा गोळी घेऊन शेती, नोकरी, संसार सांभाळतात आणि औषधाला चांगला प्रतिसाद मिळाल्यास त्यांचे आयुर्मान इतरांच्या जवळपास येऊन पोहोचते. मात्र शिरेतून दिली जाणारी केमोथेरपी परिचारिकेच्या नजरेखाली होते, तर ही गोळी घरातल्या फडताळात असते. ती वेळेवर घेणे, तिचे दुष्परिणाम ओळखणे आणि कोणत्या वेळी रुग्णालय गाठावे हे ठरवणे, ही सारी जबाबदारी रुग्णावर व त्याच्या घरच्यांवर येते.

सीएमएलमध्ये रक्त तयार करणाऱ्या पेशीतील ९ व २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. त्यातून उरणारे आखूड गुणसूत्र पीटर नोवेल व डेव्हिड हंगरफोर्ड यांना १९६० मध्ये फिलाडेल्फियात आढळले, म्हणून ते फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणून ओळखले जाते. ही अदलाबदल असल्याचे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले. या घडामोडीतून बीसीआर-एबीएल हे जोडजनुक तयार होते आणि त्याचे प्रथिन पांढऱ्या पेशींना वाढीचा आदेश अखंड देत राहते. इमॅटिनिब या प्रथिनाच्या नेमक्या खाचेत बसून तो आदेश थांबवते. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. औषधाने आदेश थांबतो, परंतु मुळाशी असलेल्या सर्व रोगपेशी नष्ट होतातच असे नाही. रक्ताचा अहवाल उत्तम आला म्हणून गोळी सोडणे धोक्याचे का, याचे कारण हेच होय.

गोळी घेण्याची रीत

पहिल्या टप्प्यातील प्रौढ रुग्णास सामान्यतः रोज ४०० मिलिग्रॅमची मात्रा दिली जाते. आजार पुढच्या टप्प्यात असल्यास ती ६०० मिलिग्रॅम वा त्याहून अधिक असू शकते आणि मुलांची मात्रा शरीराच्या क्षेत्रफळावरून काढतात. गोळी जेवणासोबत व मोठा पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी, कारण रिकाम्या पोटी ती जठराला त्रासदायक ठरते. दिवसातील सर्वांत भरपेट जेवण कोणते, ते पाहून त्या वेळेची गाठ घातल्यास मळमळ पुष्कळ कमी होते. गोळी घेतल्यावर लगेच आडवे होऊ नये. गिळणे जमत नसेल तर ती पाण्यात विरघळवून ताबडतोब पिता येते. ४०० मिलिग्रॅमच्या गोळीस सुमारे २०० मिलिलिटर पाणी लागते. गर्भवती स्त्रीने कुटलेली वा फुटलेली गोळी हाताळू नये.

उपवासाच्या दिवशी काय करायचे, हा आपल्याकडे वारंवार उद्भवणारा प्रश्न आहे. औषधाला पोटात अन्न हवे, ते भातच असले पाहिजे असे नाही. वरईचा भात वा साबुदाण्याची खिचडी खाऊनही एकादशीची गोळी घेता येते. रमजानमध्ये दिवसातून एकदाच घ्यावयाची ही गोळी सहरी वा इफ्तारच्या भोजनासोबत घेता येईल का, हे महिना सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलून ठरवावे. निर्जळी उपवास मात्र या औषधाला मानवणारा नाही.

एखादी गोळी राहून गेली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. गोळीनंतर उलटी झाली तरी पुन्हा गोळी न घेता पुढच्या वेळेची वाट पाहावी. एखाद्या चुकीने काही बिघडत नाही, पण चुकण्याची सवय महागात पडते. लंडनमधील रुग्णांच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात औषधाच्या बाटलीच्या झाकणात इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्र बसवून ८७ रुग्णांवर तीन महिने लक्ष ठेवण्यात आले. ज्यांनी ९० टक्क्यांहून अधिक गोळ्या घेतल्या होत्या, त्यांच्यात सहा वर्षांत अपेक्षित खोल प्रतिसाद मिळण्याची शक्यता सुमारे ९५ टक्के होती. त्याहून कमी घेणाऱ्यांत ती २८ टक्क्यांवर घसरली. ९० टक्के म्हणजे महिन्यातून तीन गोळ्या चुकणे, इतकी ही मर्यादा बारीक आहे.

दुष्परिणाम : सोसण्याचे आणि न सोसण्याचे

सर्वांत सामान्य तक्रार म्हणजे अंगात पाणी धरणे. सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती सूज दिसते, पापण्या जड होतात, क्वचित घोट्यांवर सूज चढते. पापड, लोणची, फरसाण यांतील मीठ कमी केल्याने व उशी थोडी उंच ठेवल्याने अनेकांना आराम पडतो. लघवीचे औषध लागलेच तर ते डॉक्टरांनी द्यावे. शेजाऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्यांतून ते उचलू नये. आठवड्यातून एकदा त्याच काट्यावर वजन करून वहीत टिपून ठेवावे. थोड्या दिवसांत वजन अचानक वाढले, पोट फुगले अथवा झोपल्यावर धाप लागू लागली, तर ती साधी सूज नव्हे. हृदयाभोवती, फुप्फुसाभोवती वा पोटात पाणी साचत असण्याची शक्यता असते. हृदयविकार असलेल्यांनी व वृद्धांनी याबाबत विशेष दक्ष राहावे.

रात्री पोटऱ्यांत व बोटांत वळ येणे, हाडे-सांधे दुखणे, जुलाब आणि थकवा हेही नित्याचे आहेत. ते पहिल्या काही महिन्यांत अधिक जाणवतात आणि बहुतेकांत पुढे सौम्य होत जातात. तथापि सांगितल्याशिवाय डॉक्टरांना ते कळत नाहीत. कर्करोगासारख्या आजारात पायाला वळ येतो हे काय सांगायचे, या संकोचाने कित्येक जण गप्प राहतात आणि मग मनानेच एक दिवसाआड गोळी घेऊ लागतात. वस्तुतः मात्रेत वा वेळेत बदल करून, पूरक औषध देऊन अथवा दुसऱ्या औषधाकडे वळून त्रास आटोक्यात आणता येतो. चक्कर वा अंधुक दिसणे असल्यास वाहन व यंत्र चालवू नये.

भारतीय रुग्णांत त्वचेचा रंग उजळणे हा परिणाम चटकन नजरेत भरतो. रोगाच्या प्रथिनाबरोबरच इमॅटिनिब केआयटी नावाच्या दुसऱ्या प्रथिनालाही रोखते. पचनमार्गातील जीआयएसटी या गाठींवर ते चालते ते यामुळेच. आणि त्वचेला रंग देणाऱ्या पेशींनाही त्याच प्रथिनाची गरज असते. नातेवाईक कधी रुग्ण गोरा झाला म्हणून कौतुक करतात, तर कधी कोड समजून भांडीकुंडी वेगळी ठेवतात. दोन्हींत तथ्य नाही. हा बदल संसर्गजन्य नाही, औषधाची मात्रा घटल्यावर वा औषध थांबल्यावर तो सहसा मागे फिरतो. मात्र उन्हात टोपी, पदर, पूर्ण बाह्या यांचा आधार घ्यावा.

आता न सोसण्याची लक्षणे. १००.४ अंश फॅरनहाइट अथवा त्याहून अधिक ताप, हिरड्यांतून वा नाकातून न थांबणारे रक्त, काळी शौच, रक्ताची उलटी, डोळे वा लघवी पिवळी होणे, अंगावर फोड येणे किंवा तोंडाची साल निघणे, छातीत दुखणे वा श्वास कोंडणे, यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी रुग्णालयात जावे. उपचाराच्या आरंभी पांढऱ्या पेशी व प्लेटलेट यांची संख्या खाली येते, कारण रोगपेशी हटत असतात आणि निरोगी पेशींनी त्यांची जागा अद्याप घेतलेली नसते. यास्तव पहिल्या महिन्यात दर आठवड्याला, दुसऱ्या महिन्यात पंधरवड्याने आणि पुढे ठरावीक अंतराने रक्ततपासणी होते. प्लेटलेट ५० हजारांखाली किंवा न्यूट्रोफिल पेशी १ हजाराखाली गेल्यास डॉक्टर काही दिवस औषध थांबवतात. तो औषधाचा पराभव नव्हे. पेशी सावरल्या की गोळी पुन्हा सुरू होते. यकृताच्या चाचण्याही नियमाने कराव्या लागतात आणि उपचारापूर्वी हिपॅटायटिस बीची तपासणी करून घेणे आवश्यक आहे, कारण सुप्त असलेला हा विषाणू या औषधाने पुन्हा जागा होऊ शकतो.

इतर औषधांशी गाठ

इमॅटिनिबचे विघटन यकृतातील सीवायपी३ए४ या विकराकडून होते. हा विकर मंद वा वेगवान करणारी औषधे रक्तातील इमॅटिनिबचे प्रमाण पालटून टाकतात. आपल्या देशात सर्वांत महत्त्वाचे उदाहरण क्षयरोगाचे. क्षयाच्या उपचारातील रिफाम्पिसिनमुळे शरीराला मिळणारे इमॅटिनिब सुमारे तीन चतुर्थांशांनी घटते, म्हणजे रुग्ण रोज गोळी घेत असूनही जणू चौथाई मात्राच घेत असतो. अशा वेळी क्षयरोगाचे व कर्करोगाचे डॉक्टर एकमेकांशी बोलणे अनिवार्य ठरते. त्यांपैकी कोणतेही औषध रुग्णाने स्वतः बंद करू नये. आकडीवरील फेनिटॉइन व कार्बामाझेपिन यांचाही परिणाम याच दिशेचा आहे. उलट बुरशीवरील किटोकोनाझोल व इट्राकोनाझोल, तसेच क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक इमॅटिनिबचे प्रमाण वाढवतात. ग्रेपफ्रूटचा रस वर्ज्य आहे. त्याच्या जवळच्या नात्यातले पपनसही टाळलेले बरे. रक्त पातळ करणारे वॉरफेरिन, कोलेस्टेरॉलवरील सिम्व्हास्टॅटिन व थायरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर ते आधीच सांगावे. अंगदुखीसाठी दुकानातून आयबुप्रोफेन घेणे प्लेटलेट कमी असताना रक्तस्रावाला निमंत्रण देते आणि पॅरासिटामॉलही सांगितलेल्या मर्यादेतच घ्यावे. काढे, भस्मे व चूर्णे यांतील काहींचा भार यकृतावर पडतो, म्हणून त्यांची नावे डॉक्टरांपासून लपवू नयेत.

सीएमएलवरील दुसरे औषध घेणाऱ्या ओळखीच्या रुग्णाचे नियम आपल्याला लावू नयेत. निलोटिनिब उपाशीपोटी घ्यावे लागते. डॅसॅटिनिबला आम्लपित्ताच्या गोळ्या बाधतात, इमॅटिनिबला तशा बाधत नाहीत.

गर्भधारणा, पैसा आणि गोळी थांबवणे

पाश्चात्त्य देशांत हा आजार मुख्यतः साठीच्या आसपास आढळतो, भारतात मात्र तो पुष्कळदा तिशी-चाळिशीत गाठतो. म्हणून अपत्याचा प्रश्न येथे टाळता येत नाही. इमॅटिनिबमुळे गर्भाला इजा होऊ शकते. स्त्री रुग्णांनी उपचारकाळात व शेवटच्या गोळीनंतर किमान दोन आठवडे खात्रीचे गर्भनिरोधन वापरावे आणि बाळाला अंगावर पाजू नये. दिवस राहिल्याची शंका येताच डॉक्टरांना कळवावे. लहान रुग्णांची उंची वेळोवेळी मोजावी, कारण वाढ मंदावल्याच्या नोंदी आहेत.

किमतीचा इतिहासही सांगण्याजोगा आहे. नोव्हार्टिस कंपनीने या औषधाच्या एका स्फटिकरूपावर मागितलेले पेटंट चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने २००६ मध्ये नाकारले आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेटंट कायद्याच्या कलम ३(ड)च्या आधारे कंपनीचे अपील फेटाळले. त्या काळी मूळ औषधाचा महिन्याचा खर्च सव्वा लाख रुपयांच्या घरात, तर भारतीय बनावटीचा आठ-दहा हजारांचा सांगितला जाई. आता इमॅटिनिब राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहे. सरकारी आरोग्य योजनेतून ते मिळू शकते का, याची चौकशी रुग्णालयातील समाजसेवा विभागात करावी. कंपनी बदलली तर पाकिटावरील नाव, मात्रा व मुदत तपासावी, डॉक्टरांना सांगावे आणि पक्क्या बिलाशिवाय खरेदी करू नये. निदान आठवडाभराचा साठा हाताशी असावा.

औषधाचा खरा हिशेब बीसीआर-एबीएलच्या पीसीआर चाचणीत दिसतो. ती दर तीन महिन्यांनी होते. तीन महिन्यांत हे प्रमाण १० टक्क्यांवर, सहा महिन्यांत १ टक्क्यावर व वर्षात ०.१ टक्क्यावर किंवा त्याखाली येणे अपेक्षित असते. तसे न झाल्यास प्रथम गोळ्या नीट घेतल्या का हे पाहिले जाते, मग जनुकातील बदलाची तपासणी होते. ज्यांच्यात अनेक वर्षे उपचार होऊन किमान दोन वर्षे अत्यंत खोल प्रतिसाद टिकला आहे, अशा निवडक रुग्णांत देखरेखीखाली औषध थांबवून पाहता येते. फ्रान्समधील अशा पहिल्या मोठ्या प्रयोगात सुमारे ६० टक्के रुग्णांत आजाराच्या खुणा परतल्या, बहुतांशी पहिल्या सहा महिन्यांतच. बहुतेकांत गोळी पुन्हा सुरू होताच त्या ओसरल्या, कारण दर महिन्याच्या चाचणीमुळे त्या वेळेत पकडल्या गेल्या होत्या. जेथे अशी मासिक पीसीआर चाचणी होऊ शकत नाही, तेथे औषध थांबवण्याचा प्रयोग करू नये.