अंतःकरणाची रोजकीर्द

तुमसरच्या धानबाजारातील अडत्या दिवसाअखेर रोजकीर्द लिहितो. अंतःकरणाचीही कीर्द मांडता येते, हे संत इग्नेशियस लोयोला यांनी दाखविले. १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिलेल्या त्यांच्या साधनाग्रंथातील रीत अशी: एकच दोष निवडावयाचा, दुपारी व रात्री, तो जितक्या वेळा घडला तितके ठिपके त्या दिवसाच्या रेघांवर द्यावयाचे, मग आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा मागच्याशी ताडावयाचा. शब्दच नाहीत, तेव्हा आत्मस्तुतीला जागा कोठून असणार?

इग्नेशियस स्वतः दैनंदिनीही लिहीत. तिचा १५४४-४५ मधील भाग उपलब्ध आहे. आरंभी संघाच्या दारिद्र्यव्रतासंबंधीचा निर्णय त्यांना छळताना दिसतो. पुढे मजकूर आटत जातो. कित्येक दिवशी अश्रू आले की नाहीत, एवढीच नोंद उरते.