तळटीप : चेस्टर विल्यम्स

१. चेस्टर विल्यम्स (१९७०–२०१९) : दक्षिण आफ्रिकेचे रग्बीपटू, जन्म पार्लचा. १९९५च्या विश्वविजेत्या संघातले एकमेव गौरेतर खेळाडू. मांडीचा स्नायू दुखावल्याने ते आधी संघाबाहेर गेले होते. कॅनडाविरुद्धच्या मारामारीमुळे पीटर हेंड्रिक्सवर बंदी आली, तेव्हा विल्यम्स यांना परत बोलावले. लगेच पश्चिम सामोआविरुद्ध उपांत्यपूर्व सामन्यात त्यांनी चार ट्राय केल्या. (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवणे म्हणजे ट्राय.) १९९५च्या अंतिम सामन्यात राष्ट्राध्यक्ष नेल्सन मंडेलांनी संघाची हिरवी जर्सी घातल्याची कथा सांगताना एक गोष्ट हमखास गळते, म्हणून मुद्दाम नोंदवतो : संघातल्याच काहींकडून वर्णद्वेषी शिवीगाळ सोसावी लागल्याचे विल्यम्स यांनी २००२च्या आपल्या चरित्रात सांगितले. २७ कसोट्या, १४ ट्राय. पुढे प्रशिक्षक.