मेडन : बारा जणींची नौका

‘ओशन ग्लोब रेस’ ही शिडाच्या नौकांची शर्यत १० सप्टेंबर २०२३ रोजी इंग्लंडमधील साउदम्प्टनहून सुरू झाली. केप टाऊन, ऑकलंड व पुंता देल एस्ते असे तीन थांबे घेत सुमारे २७ हजार सागरी मैलांची ही पृथ्वीप्रदक्षिणा. उपग्रहाधारित दिशादर्शक वर्ज्य. सेक्स्टंटने सूर्य-तारकांचे कोन मोजून कागदी नकाशावर आपले स्थान शोधायचे, असा दंडक होता.

या शर्यतीत १९७९ साली बांधलेल्या ५८ फुटी ‘मेडन’वर केवळ महिला होत्या. कप्तान हेदर थॉमस ब्रिटिश, जुनेला किंग ही विशीच्या आतील तरुणी अँटिग्वाची, वुयिसिले जाका दक्षिण आफ्रिकेची, तर भारताच्या पायल गुप्ता. गुप्ता यांची तयारी गोव्यात झालेली. दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेल्या ‘तारिणी’वरून २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी २५४ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली, त्यांत त्या होत्या. या चमूला कमांडर दिलीप दोंदे यांचे मार्गदर्शन लाभले होते.

१६ एप्रिल २०२४ रोजी ‘मेडन’ परतली तेव्हा काही मोठ्या नौका आधीच पोहोचल्या होत्या. मात्र निकाल लागतो तो प्रत्यक्ष वेळेला नौकेच्या आकारमानावरून ठरलेल्या गुणकाने गुणून. या गणिताला कोणी कागदी म्हणेल. पण लांब नौका मुळातच वेगवान असते, हे विसरून चालत नाही. अंतिम हिशेबात ‘मेडन’ पहिली ठरली. केवळ महिलांच्या चमूने जागतिक सागरी शर्यत जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती.