डीप डॉट आयओ : रणगाड्याचे हत्यार आणि गुणांचा हिशोब

डीप डॉट आयओ हा इंटरनेट ब्राउझरमध्ये खेळला जाणारा, एकाच वेळी अनेक खेळाडूंचा लढाईचा खेळ आहे. ब्राझीलच्या मातेउस व्हालादारेस या प्रोग्रामरने तो २०१६ मध्ये आणला. त्याच्या आदल्या वर्षी त्यानेच तयार केलेला अ‍ॅगार डॉट आयओ हा खेळ जगभर गाजला होता. काही डाउनलोड करायचे नाही, खाते उघडायचे नाही. पान उघडायचे, नाव लिहायचे आणि मैदानात उतरायचे. अशा खेळांना सरसकट ‘आयओ गेम’ म्हणतात, कारण त्यांचे पत्ते ‘डॉट आयओ’ने संपतात. ही अक्षरे खरे तर हिंदी महासागरातील एका ब्रिटिश प्रदेशासाठी राखलेली आहेत.

खेळ दिसायला अगदी साधा आहे. फिकट राखाडी चौकटींचे मैदान, त्यात गोल रणगाडे आणि इतस्ततः तरंगणारे रंगीत आकार. पण या साधेपणामागे एक नेमका हिशोब आहे. इथे गुण म्हणजे फक्त शेवटी दिसणारा निकाल नव्हे. गुणांतूनच हत्यार घडते, आणि हत्याराच्या जोरावर पुढचे गुण मिळतात. हे चक्र कुठवर चालते आणि कुठे थांबते, हे समजले की खेळ समजला.

गुण कुठून मिळतात?

सुरुवातीला प्रत्येकाला एकच नळी असलेला साधा रणगाडा मिळतो. कीबोर्डच्या बाणांनी किंवा डब्ल्यू, ए, एस, डी या कळांनी तो हलवायचा, माउसने नेम धरायचा आणि गोळ्या झाडायच्या. मैदानातले आकार फोडले की गुण मिळतात.

- पिवळा चौकोन : १० गुण
- लाल त्रिकोण : २५ गुण
- निळा पंचकोन : १३० गुण
- मोठा पंचकोन (अल्फा पेंटॅगॉन) : ३,००० गुण

मोठा आकडा पाहून थेट मोठ्या पंचकोनाकडे धावण्याचा मोह होतो. पण प्रत्येक आकाराची सहनशक्तीही वेगळी असते. चौकोनाची १०, त्रिकोणाची ३०, पंचकोनाची १०० आणि मोठ्या पंचकोनाची ३,०००. मेहनतीच्या मानाने मोबदला मोजला, तर चौकोन आणि मोठा पंचकोन सारखेच ठरतात : सहनशक्तीच्या एका एककामागे एक गुण. त्रिकोण थोडा तोट्याचा आणि साधा पंचकोन सर्वांत फायद्याचा. म्हणूनच पंचकोनांची जिथे गर्दी असते त्या मैदानाच्या मध्यभागी नेहमी झुंबड असते. तिथे अंगावर धावून येणारे छोटे गुलाबी त्रिकोणही फिरत असतात, आणि त्यांच्यापेक्षा धोकादायक असे इतर खेळाडू.

आणखी एक नियम सुरुवातीलाच ध्यानात ठेवावा. आकार फोडल्याचे सगळे गुण शेवटचा घाव घालणाऱ्याला मिळतात. मोठा पंचकोन तुम्ही मिनिटभर झोडपलात आणि शेवटची गोळी दुसऱ्याची लागली, तर ३,००० गुण त्याचे. तुमच्या हाती काहीच नाही.

पंचेचाळीस पातळ्या, तेहतीस पायऱ्या

गुण वाढतात तशी रणगाड्याची पातळी वाढते. सर्वोच्च पातळी ४५, आणि तिथे पोहोचायला २३,५३६ गुण लागतात. केवळ चौकोन फोडून हा आकडा गाठायचा तर २,३५४ चौकोन लागतील. पंचकोन असतील तर १८२ पुरतात.

प्रत्येक रणगाड्याच्या आठ क्षमता असतात आणि त्या याच क्रमाने पडद्यावर दिसतात :

१. जखम भरून येण्याचा वेग
२. एकूण सहनशक्ती
३. अंगाने धडक दिल्यावर होणारी इजा
४. गोळीचा वेग
५. गोळीची भेदकता
६. गोळीची मारक शक्ती
७. पुन्हा गोळी भरण्याचा वेग
८. रणगाड्याचा स्वतःचा वेग

साध्या रणगाड्यांना प्रत्येक क्षमता सात पायऱ्यांपर्यंत वाढवता येते. म्हणजे आठ साते छप्पन्न पायऱ्या. पण खेळाडूला मिळतात फक्त ३३. दुसऱ्या पातळीपासून अठ्ठाविसाव्या पातळीपर्यंत दर पातळीला एक, अशा २७. त्यानंतर ३०, ३३, ३६, ३९, ४२ आणि ४५ या पातळ्यांवर एकेक, अशा सहा. सर्व बाबतींत बलवान असा रणगाडा या खेळात होऊच शकत नाही. एकीकडे वाढवायचे तर दुसरीकडे कमी पडू द्यावे लागते.

अनुभवी खेळाडू आपली विभागणी आठ आकड्यांत लिहितात. ०/०/०/५/७/७/७/७ याचा अर्थ सहनशक्तीकडे पूर्ण दुर्लक्ष आणि सगळा भर गोळी व वेगावर. असा रणगाडा दुरून भयंकर मारा करतो, पण कुणी अंगावर आले की काचेसारखा फुटतो. उलट ५/७/७/०/०/०/७/७ ही विभागणी धडक मारणाऱ्याची. त्याच्या गोळ्यांत दम नाही. त्याचे शरीर हेच हत्यार. दोन्हींची बेरीज ३३च येते.

गोळी गोळीला भिडते

‘भेदकता’ ही क्षमता नवख्यांना सर्वांत कमी कळते. या खेळात प्रत्येक गोळीला स्वतःची सहनशक्ती असते. गोळी आकाराला, रणगाड्याला किंवा समोरून येणाऱ्या गोळीला लागली की दोघांचीही झीज होते. भेदकता वाढवणे म्हणजे गोळीचे आयुष्य वाढवणे. समोरासमोरच्या लढाईत बहुतेक गोळ्या रणगाड्याला लागतच नाहीत, मधल्या मोकळ्या जागेत एकमेकींना खाऊन टाकतात. ज्याच्या गोळ्या या चकमकीतून शिल्लक राहतात तो जिंकतो. नुसती मारक शक्ती वाढवून भेदकता विसरलेला खेळाडू इथेच फसतो.

दुसरी दुर्लक्षित गोष्ट म्हणजे गोळीचा झटका. गोळी पुढे सुटते तेव्हा रणगाडा मागे ढकलला जातो. त्यामुळे पळताना मागच्या दिशेला गोळीबार केला तर वेग वाढतो आणि पाठलाग करणाऱ्यालाही रोखता येते.

रणगाड्यांची घराणी

१५, ३० आणि ४५ या तीन पातळ्यांवर खेळाडू रणगाड्याचा प्रकार निवडतो. पंधराव्या पातळीवर चार वाटा फुटतात.

*ट्विन :* दोन नळ्या शेजारी शेजारी. पुढे यातूनच तीन नळ्यांचा ट्रिपलेट किंवा पंख्यासारखा मारा करणारा स्प्रेड शॉट तयार होतो. समोरच्या गोळ्या अडवण्यात हे घराणे पटाईत.

*स्नायपर :* गोळी वेगवान आणि नजर लांबची. पडद्यावर मैदानाचा जास्त भाग दिसतो, म्हणून शत्रूला आपण दिसण्याआधी तो आपल्याला दिसतो. याच घराण्यात गोळ्यांऐवजी माउसच्या इशाऱ्यावर चालणारे छोटे त्रिकोणी ड्रोन सोडणारा ओव्हरलॉर्ड येतो. नेक्रोमॅन्सर तर मैदानातले पिवळे चौकोनच आपल्या सैन्यात ओढतो. चौकोन हे इतरांसाठी गुण, त्याच्यासाठी दारूगोळा.

*मशीन गन :* गोळ्यांचा भडिमार, पण नेम विस्कळीत. इथूनच पुढे डिस्ट्रॉयर होता येते. त्याची एकच प्रचंड गोळी समोरच्याला जवळजवळ संपवते. मात्र ती चुकली तर पुढची भरेपर्यंत तो उघडा पडतो.

*फ्लँक गार्ड :* पुढे-मागे नळ्या. मागच्या नळ्यांच्या झटक्यावर पळणारा बूस्टर हा या घराण्यातला सर्वांत वेगवान वारस, आणि धडकेची विभागणी बहुतेकदा त्याच्यासाठीच वापरली जाते.

पाचवी वाट लपलेली आहे. पंधराव्या पातळीवर काहीच न निवडता साध्या रणगाड्यावरच तिसाव्या पातळीपर्यंत तग धरला, तर स्मॅशर होता येते. त्याला नळीच नसते. त्याच्या फक्त चारच क्षमता वाढवता येतात, पण प्रत्येक दहा पायऱ्यांपर्यंत. तिसाव्या पातळीपर्यंतचा प्रवास दुबळ्या हत्याराने करायचा, ही त्याची किंमत.

दुसऱ्याला मारल्याचे गुण

खेळाडूने खेळाडूला मारले, तर मारणाऱ्याला मेलेल्याचे गुण मिळतात, पण जास्तीत जास्त २३,५३६. पंचेचाळिसाव्या पातळीला लागणारा आकडा तो हाच. समोरच्याकडे ५,००० गुण असतील तर ५,००० मिळतील. १,००,००० असतील तरी २३,५३६च. उरलेले नाहीसे होतात.

या एका मर्यादेचे परिणाम दूरवर जातात. नुकताच आलेला दुबळा खेळाडू एखाद्या बड्याला मारून एका फटक्यात सर्वोच्च पातळी गाठू शकतो, म्हणून दुबळ्यालाही आशा राहते. पण एका विजयाने कुणी गुणतक्त्याच्या शिखरावर जाऊन बसत नाही. लाखाचा टप्पा गाठायला असे किमान पाच मोठे बळी लागतात, नाहीतर सुमारे ७७० पंचकोन फोडावे लागतात. मैदानात अधूनमधून येणाऱ्या, संगणकाने चालवलेल्या ‘बॉस’ला मारल्यास मात्र ३०,००० गुण मिळतात, म्हणजे कोणत्याही खेळाडूच्या बळीपेक्षा जास्त. तिथेही शेवटचा घाव कुणाचा, यावरून चढाओढ असतेच.

पंचेचाळीसनंतर काय?

पातळी ४५वर थांबते, गुण मात्र वाढतच राहतात. खेळातला सर्वांत महत्त्वाचा वळणबिंदू हाच. इथवर प्रत्येक गुण हत्याराला काहीतरी देत होता. आता तो काहीच देत नाही. २४,००० गुणांचा रणगाडा आणि १०,००,००० गुणांचा रणगाडा यांचे बळ सारखेच असते. फरक एवढाच की दुसऱ्याकडे गमावण्यासारखे खूप काही आहे.

आणि खेळ त्याला लपूही देत नाही. गुणतक्त्यात पहिल्या दहा जणांची नावे सगळ्यांना दिसतात. सर्वांनी सर्वांशी लढायच्या प्रकारात पहिल्या क्रमांकाचा खेळाडू कोणत्या दिशेला आहे, हे इतरांना एक बाण दाखवत राहतो. ताकद वाढलेली नाही, पण शिकारी वाढले आहेत. म्हणून आघाडीवरचे अनेक खेळाडू भांडणे टाळतात, मैदानाच्या कडेने फिरतात. ३० सेकंद इजा झाली नाही तर जखम झपाट्याने भरून येते. त्यामुळे वेळेवर माघार घेणे हीही एक कला ठरते.

मृत्यू आला की गुण जातात. साठवून ठेवण्याची सोय नाही. परत येताना साधारण आधीच्या निम्म्या पातळीपासून सुरुवात करता येते. त्यामुळे पहिल्या चौकोनापासून सगळे करावे लागत नाही, पण रणगाडा नव्याने निवडायचा आणि पायऱ्याही नव्याने वाटायच्या.

संघ आले की हिशोब बदलतो

संघांच्या प्रकारांत गुण मोजले जातातच, पण विजय नेहमी त्यांवर ठरत नाही. ‘डॉमिनेशन’मध्ये मैदानातले चार मोठे बुरूज ताब्यात घेणारा संघ जिंकतो. ‘टॅग’मध्ये मेलेला खेळाडू मारणाऱ्याच्या संघातून परत येतो, आणि शेवटी सगळे एकाच रंगाचे होतात. अशा ठिकाणी कोपऱ्यात बसून पंचकोन फोडणारा गुणतक्त्यात वर दिसेल, पण बुरुजासाठी तीनदा मेलेला साथीदार संघाच्या जास्त कामाचा असतो.

गुणतक्ता कसा वाचावा

मोठा आकडा म्हणजे मोठा लढवय्या, असे समजून नवखे खेळाडू दबकतात. वरचा हिशोब पाहिला तर तो आकडा मुख्यतः एवढेच सांगतो की हा खेळाडू बराच वेळ मेलेला नाही. लढाईची ताकद ठरते ती ३३ पायऱ्या कुठे खर्चल्या आणि कोणते घराणे निवडले यावरून, आणि ते पंचेचाळिसाव्या पातळीवरच्या प्रत्येकाला सारखेच उपलब्ध असते. म्हणून समोर लाखाचा धनी दिसला तर त्याच्या गुणांकडे पाहू नये. त्याच्या नळ्या मोजाव्यात, तो अंगावर येतो की लांब राहतो ते पाहावे आणि त्याने कोणती बाजू कच्ची ठेवली आहे ते शोधावे. छप्पन्नपैकी तेवीस पायऱ्या त्यालाही सोडाव्याच लागलेल्या असतात.